श्रीखंडाच्या डब्यातला राजा

मला किळस फार लवकर येते. सिंकच्या जाळीत अडकलेला भात, ऑफिसच्या मायक्रोवेव्हच्या छताला उडालेलं कुणाचं तरी सूप, सोफ्यावर पडलेलं कापलेलं नख, यांतलं काहीही एक दिसलं की माझा दिवस वाया जातो. असा मी. आणि गेल्या डिसेंबरात याच मी एक मेलेला पक्षी उचलून श्रीखंडाच्या डब्यात घातला, आणि तो डबा बायकोच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशव्यांखाली लपवला. आजही ते आठवलं की मी हात धुऊन येतो. पण सांगायला घेतलंय तर सांगतो.

आमची गल्ली न्यू जर्सीतली, आयसेलिनच्या बाजारापासून जवळची. एकेकाळी इथे बरीच घरं आयरिश होती म्हणे. आता तेलुगू, गुजराती आणि आम्ही मराठी. जुन्यांपैकी उरलेत ते एकटे आमच्या शेजारचे अंकल. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कुठल्याशा खेड्यातून इकडे आले आणि जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. बायको वारली. एकुलती एक मुलगी ओहायोत असते. आमची मुलगी त्यांना सरळ नावानं हाक मारायची, ते माझ्या नागपूरच्या बायकोला सहन झालं नाही. तिनं त्यांचे अंकल केले. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण पुढे फोनवर स्वतःची ओळख ते तशीच करून द्यायला लागले.

नोव्हेंबरात आम्ही दोघं आपापल्या अंगणातली पानं गोळा करत होतो. म्हणजे ते करत होते, मी दाताळ्याचा दांडा धरून उभा होतो. बोलता बोलता नाताळचा विषय निघाला. अंकल म्हणाले, त्यांच्या गावात नाताळचं एवढं काही नव्हतं; खरी मजा दुसऱ्या दिवशी, सव्वीस तारखेला. त्या दिवशी रेन निघायचा.

रेन हा एक पक्षी. मुठीत मावेल एवढा, तपकिरी, शेपूट वर करून बसणारा. अंकल सांगायला लागले आणि मी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत राहिलो. गावातली पोरं पहाटे काठ्या घेऊन कुंपणाकुंपणातून हिंडायची, झुडपं बडवायची आणि तो एवढासा जीव दमवून, दगड मारून मारायची. मग काटेरी पानांची एक मोठी फांदी घ्यायची, तिला चिंध्या आणि रिबिनी बांधायच्या, मधोमध हा मेलेला पक्षी लटकवायचा आणि ती काठीवर मिरवत दारोदार जायचं. अंगावर पेंढ्याचे झगे, तोंडावर पेंढ्याचे उंच टोप, कोण कोण आहे ते कळता कामा नये. ढोल, बासरी, गाणं. गाण्यात मागणं एकच: राजा मेलाय, त्याला पुरायला काहीतरी द्या.

राजा का, तर सगळ्या पक्ष्यांनी एकदा ठरवलं की जो सगळ्यांत उंच उडेल तो राजा. गरुड सगळ्यांच्या वर गेला. तो थकला तेव्हा त्याच्या पिसांत लपून बसलेला रेन बाहेर आला आणि वीतभर वर उडाला. "म्हणजे फुकट्या," मी म्हणालो. अंकल म्हणाले, "म्हणजे राजकारणी." आणि राजाला मारायचं का, तर तो फितूर. एका संताला शत्रूपासून लपायचं होतं, तेव्हा यानं झुडपात कलकलाट करून त्याला पकडून दिलं. कुणी म्हणतात, आयरिश सैनिक रात्री शत्रूवर चालून जात असताना यानं नगाऱ्यावर चोची मारून शत्रूला जागं केलं. पाद्री लोकांना हा सगळा प्रकार मुळीच पसंत नव्हता, पण पाद्र्यांच्या घरीही मिरवणूक जायची. जे घर काही देईल त्याला त्या पक्ष्याचं एक पीस, वर्षभराच्या भाग्यासाठी. म्हणजे संध्याकाळपर्यंत त्या पाखराचं काय होत असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. मी आणलं, आणि रात्री जेवलो नाही.

हल्ली कुणी मारत नाही, अंकल म्हणाले. हल्ली खोटा पक्षी असतो. या गल्लीतही जुने लोक होते तोवर ते दर वर्षी निघायचे. मग एकेक जण फ्लोरिडाला गेला किंवा वर गेला, आणि बंद पडलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड. मी म्हणालो, अंकल, आमच्या कोकणात अगदी हेच असतं. शिमगा. सोंगं घेऊन दारोदार जायचं, नाचायचं, पोस्त म्हणून पैसे मागायचे. मी तर लहानपणी सगळ्यांत पुढे असायचो. यातलं शिमग्याचं खरं आहे. मी सगळ्यांत पुढे असायचो हे मात्र साफ खोटं. सोंगं नाचायची तेव्हा माझ्याकडे त्यांच्या चपला सांभाळायचं काम असे.

अंकल दांड्यावर हनुवटी टेकवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या वर्षी काढायचा का?"

कारणही त्यांनीच सांगितलं. मुलगी नाताळला येणार होती आणि यंदा ती ठरवून येत होती. घर विकायचं आणि बापाला ओहायोला न्यायचं. तिचं म्हणणं, या गल्लीत तुमचं आता आहे कोण? अंकलना जायचं नव्हतं. ओहायोतल्या त्या घरात त्यांच्यासाठी तळघरातली खोली आहे, तिला छताजवळ फूटभराची खिडकी आहे आणि त्यातून जावयाची गवत कापायची मशीन दिसते, असं ते म्हणाले. "तिला दारं उघडलेली दिसू देत," ते म्हणाले. "मग ती मला काही म्हणणार नाही."

मी म्हणालो, दारांची काळजी सोडा. आपलेच लोक आहेत. आणि पक्षी माझ्याकडे लागला.

पक्षी माझ्याकडे लागला, आणि मी अर्थातच विसरलो. बायको म्हणाली, फेल्टचा शिवून देते. मी म्हणालो, मी ऑनलाइन मागवतो. मागवला नाही. नाताळच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मागच्या काचेच्या दारावर ठक्क आवाज झाला. जाऊन पाहिलं तर बाहेर फरशीवर एक छोटा तपकिरी पक्षी पाय वर करून पडला होता. चोचीपाशी लाल ठिपका. एक डोळा उघडा.

शहाण्या माणसानं फावडं आणलं असतं. मला वाटलं, देवानंच पाठवला. कुणी मारलेला नाही, पाप नाही, आणि अस्सल. अंकलच्या मुलीला काय दिसेल! मी भाजीच्या प्लास्टिकच्या पिशवीत हात घातला आणि त्याला उचललं. तो अजून कोमट होता. पिशवीतून ते कोमट मला लागलं आणि माझे दात आंबले. मिटल्या डोळ्यांनी त्याला कागदी रुमालात गुंडाळलं, हाताशी आलेल्या रिकाम्या डब्यात घातलं, झाकण लावलं आणि गॅरेजमधल्या फ्रीझरच्या तळाशी ठेवलं. मग हात धुतले. मग परत धुतले.

डब्याबद्दल सांगायला हवं. अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घराचा फ्रीझर उघडा, त्यात श्रीखंडाचे डबे दिसतील आणि एकातही श्रीखंड नसेल. एकात खोवलेला नारळ, एकात पुरण, एकात मागच्या गणपतीपासूनची आमटी. डब्यावर केशर-वेलची लिहिलेलं असतं आणि आत काय आहे ते फक्त बाई जाणते. हे मला माहीत होतं. या व्यवस्थेत मी गुपचूप एक डबा घुसवला, आणि ज्या बाईनं ते सगळं डोक्यात ठेवलेलं होतं तिला सांगितलं नाही. का, तर ती ओरडेल म्हणून.

नाताळच्या संध्याकाळी अंकलची मुलगी भेटायला आली. माझ्याच वयाची, उंच, केस मागे बांधलेले, बोलणं नीटनेटकं. कुकीज घेऊन आली होती. वडिलांकडे लक्ष ठेवता त्याबद्दल थँक यू म्हणाली, पण नजर आमच्या घरावरून फिरत होती, परीक्षकासारखी. आता आमच्याकडे आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायची पद्धत नाही. बायको गॅरेजमध्ये गेली, डबा घेऊन आली आणि समजावून सांगितलं: गाजर हलवा आहे, घरी केलेला, रात्रभर ओट्यावर राहू द्या, सकाळी जरा गरम करा. मी तेव्हा सोफ्यावर बसून कुकी खात होतो. डबा माझ्या नाकासमोरून गेला.

सव्वीसला सकाळी चहा झाल्यावर मी पक्षी काढायला गॅरेजमध्ये गेलो. मटार बाजूला केले, डबा उघडला. आत गाजर हलवा होता. वर काजू लावलेले. मी त्या काजूंकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग दारावरची घंटा वाजली.

बायकोनं दार उघडलं होतं. अंकलची मुलगी डबा दोन्ही हातांनी अंगापासून शक्य तितका लांब धरून उभी होती. मागे पायजम्यावर कोट चढवलेले अंकल. रात्रभरात डब्यातला बर्फ वितळून तळाशी पाणी साचलं होतं. तपकिरी पाणी. कागदी रुमालाचा लगदा, त्यात चिकटलेली पिसं, आणि त्या डोळ्यावर आता साय धरली होती. वास आधी गोडसर लागला आणि मग लागला तो वास. एवढं पुरे.

बायकोनं डब्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारानंतर तिला कुणाला काही विचारावं लागत नाही.

"माझ्या वडिलांना इथे कुणी धमकावतंय का?" मुलगी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "मला स्पष्ट सांगा. कारण काल रात्री ते मला सांगत होते की ही गल्ली म्हणजे घरच्यासारखी आहे."

मी जे काही बोललो त्यात काच होती, देव होता, शिमगा होता, आणि कुठेही पूर्णविराम नव्हता. मध्येच बायको मराठीत म्हणाली, "माझ्या फ्रीझरमध्ये? नैवेद्याच्या पुरणाशेजारी? तुम्ही काय करून राहिले बाप्पा?" जिन्यावर आमची मुलगी उभी होती, ती म्हणाली, "बाबा, दॅट इज सो ग्रॉस," आणि फोन काढून फोटो घ्यायला लागली.

अंकल पुढे झाले. त्यांनी डब्यात वाकून नीट पाहिलं. आम्ही सगळे नाक धरून उभे, आणि हा माणूस बोटानं पिसं बाजूला करतोय.

"ही चिमणी आहे," ते म्हणाले.

चिऊचा घास, काऊचा घास करत वाढलेला माणूस मी. लहानपणी आमच्या पडवीत चिमण्यांची घरटी होती. मला चिमणी ओळखता आली नव्हती. अंकलना हसू आवरेना, हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता ते आमच्या पायरीवर बसले. मुलगी हसली नाही. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली की दुपारी ती घरांच्या एजंटला फोन करणार आहे, आता पुरे झालं.

"फेरी झाल्यावर," अंकल म्हणाले.

"डॅड."

"फेरी झाल्यावर कर. तू मागून चल. दारं मोज. आणि मग जे म्हणशील ते."

ती माझ्याकडे वळली. "तुमचं घर मोजायचं नाही," ती म्हणाली.

चिमणी अंकलनी स्वतःच्या परसात गुलाबाच्या बुंध्याशी पुरली. डबा बायकोनं चिमट्यानं उचलून तीन पिशव्यांत घातला आणि फ्रीझरमधलं सगळं बाहेर काढून डेटॉलचा फडका घेऊन बसली. आता फांदीवर लटकवायला काहीच नव्हतं. शेवटी आमच्या मुलीनं गॅरेजमधून बॅडमिंटनचं एक शटलकॉक आणून दिलं. पिसाचं होतं, एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. फांदी म्हणून एका काठीला नाताळची प्लास्टिकची हिरवी माळ गुंडाळली आणि मधोमध ते बांधलं. असा आमचा राजा.

पेंढ्याचे टोप अंकलच्या तळघरात होते, शेवटची फेरी निघाली तेव्हापासून. एक त्यांनी घातला, एक मला दिला. तो डोक्यावरून खाली ओढला आणि मला कळलं की इतकी वर्षं त्यात उंदीर राहत होते. पेंढ्याला ओला, आंबट, मुताचा वास. श्वास घेतला की तोंडात भुसा. मानेवर काहीतरी चालत होतं, ते काय असेल याचा मी विचार केला नाही. आमची मुलगी मंडळाच्या ढोल पथकात आहे, ती ढोल घेऊन आली, शाळेतलं कुणी दिसलं तर मी तुम्हाला ओळखत नाही असं बजावून. अंकलच्या हातात बासरी. मागे दहा पावलांवर त्यांची मुलगी, हात कोटाच्या खिशात.

पहिलं घर. ढोल वाजला, बासरी वाजली, मी उड्या मारल्या. दारावरच्या कॅमेऱ्याचा निळा दिवा लागला आणि त्यातून आवाज आला, आम्हाला काही घ्यायचं नाही. पुढच्या घरात पडदा हलला, मग दिवा बंद झाला. भर दुपारी. त्याच्या पुढच्यानं कॅमेऱ्यातून सांगितलं, दाराशी ठेवून जा. काय ठेवून जा? तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. टोपाच्या फटीतून कसाबसा पाहिला. गल्लीच्या ग्रुपवर माझाच फोटो होता. गवताचे मुखवटे घातलेले संशयास्पद लोक, एकाच्या हातात काठी, पोलिसांना कळवलं का कुणी? खाली पाठोपाठ सल्ले, दारं लावून घ्या, मुलांना आत घ्या. ज्या माणसानं फोटो टाकला त्याच्याकडे मी दिवाळीला फराळ घेऊन गेलो होतो. म्हणजे, दाराशी ठेवून आलो होतो.

मग मी अंकलना म्हणालो, पुढचं घर आपलं. तिथे मंडळातला माझा मित्र राहतो. दर वर्षी गणपतीची वर्गणी मागत माझ्याकडे येतो आणि सोफ्यावर बसून चहा पिऊन जातो. मी कॅमेऱ्याला तोंड लावून मराठीत म्हणालो, अरे, मी आहे, दार उघड, जरा कामाचं आहे.

मग मित्राचा आवाज आला. "अरे यार, आम्ही टेक्सासला आलोय, फ्रिस्कोला. मेव्हण्याकडे. पुढच्या आठवड्यात भेटू."

आणि त्याच वेळी दाराच्या पलीकडे कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, भरपूर वाफेची. फोडणीचा वास तर आम्हाला पायरीवर आधीपासूनच येत होता.

अंकलना मराठी कळत नाही, पण शिट्टी कुठल्याही भाषेत शिट्टीच असते. मी मागे पाहिलं नाही, कारण मागे त्यांची मुलगी होती. सकाळी त्या डब्यात पाहून आली होती तशीच, किंबहुना त्याहूनही जास्त किळस मला त्या बंद दाराची आली. आणि मग उगाच वाटून गेलं, मी आत असतो तर? टोपातल्या उंदरांच्या वासात उभं राहून मला त्याचं उत्तर ठाऊक होतं.

गल्लीच्या टोकाला एक तेलुगू कुटुंब राहतं. तिथे अंकलनी बासरी ओठाला लावायच्या आत दार उघडलं. एक म्हातारी बाई, सुती नऊवारीसारखं काहीतरी मळखाऊ लुगडं, त्यावर मुलाचं जुनं हूड असलेलं स्वेटर, पायात मोजे. तिनं कॅमेऱ्यात पाहिलंच नव्हतं. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, फांदीकडे पाहिलं, शटलकॉककडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काडीचंही आश्चर्य दिसलं नाही. ती आत गेली. मला वाटलं, संपलं. ती वाटीभर तांदूळ घेऊन बाहेर आली.

नंतर मला कुणीतरी सांगितलं की त्यांच्या गावाकडे याच दिवसांत, संक्रांतीच्या आधीचा महिनाभर, सकाळी दारोदार गाणारे येतात आणि त्यांना तांदूळ घालायचे असतात. आपल्याकडे वासुदेव यायचा तसेच. तेव्हा हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की तिनं अंकलसमोर वाटी धरली आणि ती थांबली, कशात घालू म्हणून. अंकलनी डोक्यावरचा पेंढ्याचा टोप काढून उलटा केला. तांदूळ पेंढ्यात पडले, निम्मे खाली सांडले. मग ती हात जोडून उभी राहिली. पुढे काय हे तिला माहीत होतं: आता गायचं.

अंकलनी गायलं. बासरी नाही, तोंडानं, त्यांच्या भाषेत. आवाज फाटका, मध्ये दम लागायचा, तेव्हा आमची मुलगी ढोलावर हलकेच बोटांनी वाजवत राहायची. ती बाई संपेपर्यंत उभी होती. वरच्या मजल्यावरून तिचा मुलगा "अम्मा, अम्मा" करत फोन घेऊन धावत खाली आला, आम्हाला बघून ओशाळला, मला ओळखून आणखी ओशाळला. फोनवर ग्रुप उघडाच होता.

अंकलच्या स्वयंपाकघरात आम्ही परतलो. ते तांदूळ त्यांनी टेबलावर ओतले आणि त्यातल्या पेंढ्याच्या काड्या वेचत बसले. काड्यांबरोबर उंदराच्या लेंड्याही निघत होत्या. त्या ते शांतपणे बाजूला सारत होते.

"एक दार, डॅड," मुलगी म्हणाली.

"आमच्या गावात पहिल्या घरी कुत्रा सोडायचे," अंकल म्हणाले. "एक दार म्हणजे बरं वर्ष."

हे खरं होतं की नाही देव जाणे. मुलगी तांदळाकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं, त्या बाई कोण? मी म्हणालो, माहीत नाही. नाव? माहीत नाही. किती वर्षं राहता इथे? ते मात्र मला माहीत होतं, आणि सांगताना लाज वाटली. ती उठली, कुकीजचा उरलेला डबा घेतला आणि एकटीच गल्लीच्या टोकाला गेली.

बऱ्याच वेळानं आली. बोटांना लोणच्याचं तेल लागलेलं होतं. ती बाई मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलीय, म्हणाली. एप्रिलमध्ये परत जाणार.

"मग दार कोण उघडणार?" तिनं विचारलं. अंकलना नाही. मला.

माझ्या मानेवर अजून काहीतरी चालत होतं. घरी गरम पाण्याची अंघोळ वाट बघत होती. मी म्हणालो, मी रोज सकाळी येत जाईन. तिनं एजंटचं नाव काढलं नाही. पर्समधून या घराची किल्ली काढली आणि टेबलावर माझ्यापुढे सरकवली. पुढच्या नाताळपर्यंत, म्हणाली. आणि एखाद दिवस जरी गेला नाहीत, तर मला कळेल.

आता मी रोज ऑफिसचा लॅपटॉप उघडायच्या आधी जातो. स्वयंपाकघरात उकडलेल्या कोबीचा वास भिंतींतच मुरलाय. अंकल उठलेले असतात, चहा टाकलेला असतो. चहाचे मग ते कधी धूत नाहीत, मग धुतला की चहाची चव जाते म्हणतात. आतून प्रत्येक मगाला काळपट तपकिरी कवच धरलंय, नखानं खरवडलं तर निघेल असं. त्यांच्याकडे अगदी सारखे दोन मग आहेत. एकात ते रात्री कवळी ठेवतात. दुसऱ्यात मला चहा देतात. कुठला कुठला, ते मी अजून विचारलेलं नाही. ते समोर बसतात, बोळक्यानं हसतात आणि काल काय झालं ते सांगायला लागतात. मी माझ्यापुढचा मग दोन्ही हातांत धरतो, श्वास रोखतो आणि पितो.